आधी तारीख लिहा, मग कास्तकाराला अधीर म्हणा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सीतादही (कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की घरोघरी एकच विचार सुरू होतो. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला माल देऊन आजच रोख घ्यायची, की सीसीआयच्या (सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर गाडी लावायची, ओलावा 8 ते 12 टक्क्यांत बसवायचा आणि हमीभावाच्या चुकाऱ्याची वाट पाहायची? मी बचत गटाचे हिशेब लिहिते आणि बाहेरून अर्थशास्त्रात एम.ए. करते. त्यामुळे माणसाचं हे थांबणं-न थांबणं मोजतात कसं, यावर मिळेल ते वाचत गेले.

अर्थशास्त्रज्ञ सॅम्युएलसनने 1937 मध्ये मांडलेल्या हिशेबात उशिरा मिळणाऱ्या पैशाचं मोल ठरावीक दराने घटत जातं. म्हणजे आज 1000 की महिन्याने 1100, याला जे उत्तर, तेच वर्षाने 1000 की तेरा महिन्यांनी 1100 यालाही यायला हवं. गटातल्या एका काकूंना दोन्ही विचारलं. पहिल्याला म्हणाल्या, "आताच दे माय, कृषी केंद्रवाल्याची उधारी हाय." दुसऱ्याला, "वर्सभर थांबलो त आनखी एक महिना काय जड जाते?"

मानसशास्त्रज्ञ किर्बी यांची 27 प्रश्नांची यादी आहे. आज 54 डॉलर की 117 दिवसांनी 55, अशा जोड्या. उत्तरांवरून त्या माणसाचा हा घटीचा दर काढतात आणि किती उत्तरं त्या दराशी जुळतात ते पाहतात. जुळली नाहीत, तर माणूस गोंधळला असेल, कंटाळला असेल, प्रश्नच कळला नसेल. काकूंचं तसं नव्हतं. त्यांची दोन्ही उत्तरं ठाम होती. आणि जो प्रत्येक वेळी आजचेच पैसे घेतो, तो तर विसंगत मुळीच नाही, त्याला फक्त घाई आहे. ही तिन्ही माणसं एका पोत्यात भरून 'शेतकऱ्याला दम निघत नाही' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

अर्थशास्त्रज्ञ योराम हालेवी यांचा 2015 चा प्रयोग म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी त्याच लोकांना काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं. वेळ आल्यावर ज्यांचा निर्णय खरोखर फिरला, त्यांतले जवळपास निम्मे पहिल्या बैठकीत अगदी सुसंगत दिसले होते! एका दुपारच्या प्रश्नावलीवरून गावावर शिक्का मारणारे हे वाचतात की नाही, कोण जाणे.

आमच्याकडे तर तारखेवरच सगळं असतं. मृगात बियाण्यासाठी सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या बाईचे 1000 आणि चुकारा खात्यात पडल्यावरचे तिचे 1000, यांत फरक पडणारच. तिचा स्वभाव बदललेला नसतो, घरातली परिस्थिती बदललेली असते.

गटातल्या बायकांना तेच प्रश्न आता पेरणीच्या तोंडावर आणि उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, विचारणार आहे. वहीत प्रत्येक उत्तरापुढे तीन रकाने आखलेत: तारीख, त्या आठवड्यात देणं किती, आणि सांगितलेले पैसे त्या दिवशी खरंच मिळतील असं तिला वाटतं का.