थ्री फेज आली की पहिली पाच मिनिटं

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत आणि भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे दोन संच. ऊन-वारा आपल्या मर्जीने येतो-जातो, पण ग्रीडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्येच ठेवावी लागते आणि त्यासाठी मागणी-पुरवठ्याचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. मग मागेपुढे कोणी व्हायचं? आजवर हा भार मुख्यतः कोळशाच्या आणि पाण्याच्या संचांनी उचलला.

२०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार कोळशाचा संच ५५ टक्के क्षमतेपर्यंत उतरवता आला पाहिजे, म्हणजे ५०० चा संच भर दुपारी २७५ वर. ऊन कललं की ७० टक्क्यांपर्यंत मिनिटाला २ टक्के आणि त्यापुढे ३ टक्के या वेगाने वर यायचं. कागदावर साडेसतरा मिनिटांचं काम! पण रोजच्या तापण्या-निवण्याने बॉयलरचे हेडर (ट्यूबा जोडलेले जाड पाइप) आणि ट्यूबा थकतात, वेल्डिंगच्या जागी तडा जातो आणि ट्यूब गळायला लागली की अख्खा संच बंद करावा लागतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की खान्देशातली सगळ्यात स्वस्त लवचिकता, म्हणजे वीज असेल तेव्हा मागणी सरकवण्याची सोय, विहिरीवरच्या पंपात आहे. एका शेती फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर, ५ एचपीचे ४०० पंप धरा. काही बंद असतील हे गृहीत धरूनही दीड मेगावॅट होतात. असे शंभर फीडर रात्रीतून दुपारी आणले की १५० मेगावॅट. केळी ठिबकवर आहे, तिला दिवसा पाणी चालतं. शिवाय रात्री बिबट्या-सापाच्या भीतीत वाल्व फिरवत बसावं लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पायाही हाच.

अडतं ते डीपीवर, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर. ६३ केव्हीएच्या डीपीची क्षमता साधारण ८४ अँपिअर. ५ एचपीची मोटर चालताना ८ अँपिअर घेते, म्हणजे दहा मोटरी आरामात चालतात. पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना तीच मोटर सहापट, ४८ अँपिअरपर्यंत ओढते. प्रत्येक पेटीत ऑटोस्विच, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र. थ्री फेज आली की दहाही एकदम उठतात आणि ४८० अँपिअरची मागणी येते. एवढ्या ओढीने व्होल्टेज पडतो. तो पाऊण झाला तर मोटरचा जोर जवळपास निम्मा होतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. मोटर वेग घेत नाही, गुरगुरत उभी राहते आणि तोच मोठा करंट ओढत राहते. फ्यूज उडतो. मग कोणीतरी जाड तार टाकतं, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपी जळतो.

उपाय म्हणजे ऑन-डिले टायमर, वीज आल्यावर ठरवलेल्या उशिराने मोटर सुरू करणारा. बऱ्याच ऑटोस्विचमध्ये काही सेकंदांचा उशीर असतो, पण तो सगळ्यांचा सारखाच, म्हणून उपयोग होत नाही. टायमरचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मोटर जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला सिरीजमध्ये येतो. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर टायमरही तेवढ्याचाच घ्या. पहिल्या पंपाला १० सेकंद, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ५०, असे एका डीपीवरच्या लोकांनी बसून आकडे वाटून घ्यायचे. दहावा पंप १९० व्या सेकंदाला लागतो. सबमर्सिबल एक-दोन सेकंदांत वेग घेते, त्यामुळे २० सेकंदांचं अंतर पुरेसं आहे. सोबत लाईनवरचा करंट कमी करायला ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, पण कॉन्टॅक्टरच्या मोटरकडच्या बाजूला, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो. हे काम वायरमनकडून, तिन्ही फेज बंद करूनच.

“ऊन आहे, पॅनल आहेत, मग लाईट का नाही?” हा प्रश्न रास्त आहे. फीडर ट्रिप झाला की त्यावरचा सौर इन्व्हर्टरही मुद्दाम बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतेल. लाईन परत आल्यावरही तो काही वेळ व्होल्टेज तपासत थांबतो, आणि नेमक्या त्याच वेळी पंप एकदम उठले तर पुन्हा ट्रिप. टायमरने ही साखळीही तुटते.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. ब्राह्मणवेलला वारा जोरात असतो, पण शेतात पंप बंद. ती वीज पंपांना देऊन भागत नाही. तिच्यासाठी घाटघरसारखी, पाणी वर चढवून साठवणारी २५० मेगावॅटची केंद्रंच वाढवावी लागतील.