टिळकांचे वकील दावर, टिळकांचे न्यायाधीश दावर

टिळक पुण्यतिथीला आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, बार रूममध्ये, दरवर्षी कुणीतरी बोलतं. यंदा पाळी माझ्यावर आली आणि मी विषय घेतला न्यायमूर्ती दिनशा दावर. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षं हद्दपारी आणि हजार रुपये दंड ठोठावणारे ते हेच, इतकं शाळेपासून ठाऊक होतं. प्रश्न होता तो त्याआधीच्या दावरांचा.

जुन्या लॉ रिपोर्टांत, म्हणजे निकालांच्या छापील संग्रहांत, न्यायाधीशाचं नाव धरून शोधलं तर तो खुर्चीत बसल्यावरच भेटतो. म्हणून मी निकाल बाजूला ठेवले आणि त्यांच्या आधी छापलेल्या ‘अमक्यातर्फे अमके’ या ओळी वाचत गेलो. डोळ्यांचा पार भुगा होतो, पण वकिली केलेला माणूस तिथेच सापडतो.

१८९७ च्या राजद्रोह खटल्यापाशी येऊन मात्र थबकलो. टिळकांचा जामीन मॅजिस्ट्रेटने नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यासमोरही मिळाला नाही. हो, आपले न्यायमूर्ती रानडेच. मग पुन्हा अर्ज झाला, तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे, आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर दावर.

अकरा वर्षांनी टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले, समोर न्यायमूर्ती दावर. जिनांनी १८९७ चाच दाखला पुढे केला. दावरांनी अर्ज फेटाळला. कारणं दिली तर खटल्यावर परिणाम होईल, असं म्हणून ती दिलीच नाहीत. जामिनाचे अर्ज हरलेल्या कुठल्याही वकिलाला ही ओळ वाचून काय वाटतं, ते सांगायला नको! खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. ज्यूरी नऊ जणांची. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि २२ जुलैला रात्री शिक्षा सुनावली गेली.

भाषण संपल्यावर एक ज्येष्ठ वकीलसाहेब म्हणाले, “अहो, अशिलासाठी केलेला युक्तिवाद न्यायाधीश झाल्यावर बांधून घालतो का?” नाही घालत, हे मलाही मान्य आहे. पण आपलाच युक्तिवाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो का चालत नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. यावर आमची चहा गार होईपर्यंत जुंपली.

आता तय्यबजींच्या निकालांना हात घातलाय.