हे कोणी लिहिलं?

नववीत इतिहासाच्या बाईंनी आम्हाला सुरतेची लूट दोनदा शिकवली. एकदा सभासदाच्या बखरीतून, आणि पुन्हा तिथल्या इंग्रज वखारीच्या पत्रांवरून. जानेवारी १६६४, शहर तेच, घटना तीच. चित्रं मात्र दोन. मग बाई फळ्यावर लिहायच्या : हे कोणी लिहिलं, आणि तेव्हा तो कुठे होता?

आज मी डेन्मार्कमध्ये १३-१४ वर्षांच्या मुलांना इतिहास शिकवते. वायकिंगांचा, म्हणजे आठव्या ते अकराव्या शतकातल्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लुटारू-व्यापाऱ्यांचा, धडा आला की बाईंचा तो प्रश्न डॅनिशमध्ये माझ्या फळ्यावर असतो. शिवरायांची आणि वायकिंगांची तुलना मला करायची नाही. पुरावा वाचायची रीत मात्र मी आपल्याच शाळेत शिकले.

सन ७९३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठावर वायकिंगांनी हल्ला केला. अल्क्विन या विद्वान धर्मगुरूने त्यावर लिहिलेली पत्रं मुलं वाचतात. तो होता समुद्रापलीकडे, फ्रँकांच्या राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात). वायकिंगांनी स्वतःबद्दल लिहिलं ते बहुतेक दगडांवर कोरलेल्या मोजक्या ओळींत. आणि वायकिंगांच्या गोष्टी सांगणाऱ्या आइसलँडच्या प्रसिद्ध गाथा लिहिल्या गेल्या त्या मुख्यतः तेराव्या शतकात. एवढं कळलं की मुलं स्वतःच वाद घालायला लागतात. चित्रांत वायकिंगांच्या डोक्यावर दिसणारी शिंगांची शिरस्त्राणं पहिल्याच तासाला गळून पडतात, कारण तसं वायकिंग काळातलं एकही सापडलेलं नाही.

मग आम्ही रोस्किल्डच्या जहाज संग्रहालयात जातो. अकराव्या शतकात शत्रूची वाट अडवायला खाडीत दगड भरून मुद्दाम बुडवलेली पाच जहाजं १९६२ साली तिथून वर काढली. त्यातलं सर्वांत लांब जहाज सुमारे ३० मीटरचं. त्याच्या ओक लाकडातली वर्तुळं मोजून कळलं, की ते १०४२ च्या सुमारास आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लाकडातून बांधलं होतं. त्याची हुबेहूब प्रतिकृती २००७ साली रोस्किल्डहून समुद्रमार्गे डब्लिनला गेली. मुलांना हे सगळं भारी आवडतं.

अवघड तास त्याच्या पुढचा. डब्लिन हे वायकिंगांच्या गुलाम-व्यापाराचं मोठं ठाणं होतं. मागे एका मुलीने विचारलं, "त्या गुलामांनी काय लिहिलं?" काहीच नाही. बाईंच्या प्रश्नाची खरी धार मला त्या दिवशी कळली. ज्यांना लिहिताच आलं नाही, त्यांना शोधायचं कुठे? आता आम्ही शिडापासून सुरुवात करतो. शिडाचं कापड लोकरीचं असे. एका मोठ्या शिडाची लोकर कातण्या-विणण्यात कित्येक बायकांचे हात वर्षानुवर्षं गुंतत. जहाजाच्या कप्तानाचं नाव कधीतरी गाथेत येतं, कातणारीचं येत नाही. मुलं चातीवर हातभर सूत काढून बघतात, तेव्हा शिडाकडे त्यांची बघण्याची नजर बदलते.

स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर १९५०च्या दशकात उत्खननात ब्राँझची छोटी बुद्धमूर्ती सापडली, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात सहाव्या शतकाच्या सुमारास घडवलेली. कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने ती तिथवर पोचली, याचा एका ओळीचाही लेख नाही. माझ्या वर्गाने नकाशावर तिच्या तीन वेगवेगळ्या वाटा आखल्या आणि प्रत्येकीची बाजू मांडली.

आपल्या शाळेच्या महोत्सवासाठी मी डिसेंबरात येते आहे. मुख्याध्यापकांना विनंती, नववीचा एक तास मला द्यावा. त्या मूर्तीचा फोटो आणि कोरा नकाशा घेऊन येईन. आपली मुलं कोणती वाट आखतात ते माझ्या डॅनिश विद्यार्थ्यांना कळवायचं कबूल केलं आहे.