हप्ता त्याचा, किराणा तिचा

मे महिन्यातली दुपार. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो आणि त्याचे वकील. दोघंही मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला. सहा वर्षं एकत्र राहिले, लग्न केलं नाही, आता वेगळं व्हायचं होतं. बेसा भागातला फ्लॅट मात्र दोघांच्या नावावर.

पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं होतं, "मॅडम, फॅमिली कोर्टात किती वर्षं लागतील?" म्हटलं, तिथे नवरा-बायकोच्या मालमत्तेचे वाद चालतात. तुम्ही कायद्याच्या लेखी नुसते दोन सहमालक. वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात लावावा लागेल.

रजिस्ट्रीत हिस्से लिहिले नव्हते. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 बघायचं. वेगळं काही ठरलं नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर निम्मा-निम्मा. इथे पुरावा होता, म्हणूनच भानगड. सुरुवातीच्या 8 लाखांत 5 तिचे. पुढे 26 हजारांचा हप्ता दर महिन्याला त्याच्या खात्यातून. तिच्या खात्यातून किराणा, लाइट बिल, मेंटेनन्स, कामवाल्या बाईचा पगार. बँकेचं स्टेटमेंट तिने गुलाबी मार्करने ओळ न् ओळ रंगवून आणलं होतं.

त्याचे वकील पानं उलटत म्हणाले, "मॅडम, गॅस सिलिंडरने काही फ्लॅट विकत घेता येत नाही."

राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. मग मी तिच्या फोनमधले मेसेज पुढे केले. जवळजवळ दर महिन्याच्या 5 तारखेला त्याचा एकच मेसेज: "हप्ता गेला. आता घरचं तू बघ." म्हणजे दोघांचा पगार एकाच संसारात जात होता आणि तसं ठरलेलं होतं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तासाभरात निम्म्या-निम्म्यावर आलो.

फ्लॅट तो ठेवणार, तिच्या निम्म्याचे पैसे देणार, ती हक्कसोडपत्र करून देणार. बँक कर्जातून तिचं नाव काढायला तयार झाली तरच, हे वेगळं. मुद्रांक शुल्काचा विषय निघाला. नवरा-बायको असते तर राहतं घर बक्षीसपत्राने फार कमी शुल्कात एकाच्या नावावर झालं असतं. इथे तिच्या हिश्श्याच्या बाजारभावावर भरायचं. तो म्हणाला, "म्हणजे लग्न केलं असतं तर..." आणि थांबला. ती खिडकीबाहेर बघत होती.

उरलं सामान. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग दहा मिनिटांत लिहून झाले. कूलरवर गाडी अडली, ती पाऊण तास. कूलर तिच्या मामाने दिलेला. पंप, मोटर, वाळ्याच्या ताट्या दरवर्षी त्याने बदललेल्या. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर कोण सोडतो बाप्पा! शेवटी यादीत लिहिलं: कूलर तिला, लोखंडी स्टँड त्याला.

स्टँडशिवाय तो खिडकीला लावायचा कसा, हे मी विचारलं नाही. दोघांनी सही केली होती.