एक बूट

"काका, तो बूट काढता का जरा?" हेडफोनमधून इंजिनिअरचा आवाज.

रीलचा (आयरिश नाचाची जलद धून) चौथा टेक. आमचे फिडलवाले (म्हणजे व्हायोलिनवाले) काका सत्तरीचे. वाजवताना उजवा पाय आपटतात आणि ती ठकठक थेट माइकमध्ये जाते. बॉस्टनच्या पबमधल्या गोंगाटात कुणाला जाणवतही नाही. स्टुडिओत सगळं उघडं पडतं.

काकांनी निमूट बूट काढला. एका पायात बूट, दुसऱ्यात राखाडी मोजा, अंगठ्याशी भोक. पाचवा टेक. सूर सगळे जागेवर, पण चाल मेली. माझं बोडरानही (आपल्या डफाचं चुलत भावंडच!) चाचपडायला लागलं. इतके दिवस मी ताल त्या बुटाकडून घेत होतो तर.

घरी येताना मायकल कोलमन आठवला. आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवादक, १९१४ साली अमेरिकेत आला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या परत आयर्लंडला पोचल्या आणि तिथली पोरं त्या ऐकून तसंच वाजवायला लागली. तबकडीत जे मावलं तेच पुढे गेलं. जे मावलं नाही, त्याचं काय झालं असेल?

सहावा टेक बुटासकट केला, पायाखाली दुमडलेली घोंगडी. तरी बारीक ठकठक येतेच.

ती पुसायची की ठेवायची, परवापर्यंत कळवायचंय. तुम्ही काय केलं असतं?