दुधाचं भांडं

नव्या घरात गेल्यावर पहिल्या दिवशी दूध उतू घालवायचं असतं. आमच्याकडे दूध होतं, गॅस होता, मुहूर्त टळतोय म्हणून आईची धुसफूसही होती. फक्त पातेलं नव्हतं. सतरा खोक्यांपैकी कशात काय आहे ते वर लिहून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. शेवटी समोरच्या काकूंनी आपला टोप दिला नि वेळ निभावली.

तेव्हापासून एखादी वस्ती नव्याने वसल्याचं वाचलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यांनी भांडी कुठून आणली?

अमेरिकेतल्या मोरेव्हियन लोकांचंच घ्या. हा जर्मन बोलणारा, फार शिस्तीचा प्रोटेस्टंट पंथ. १७५३च्या ऑक्टोबरात त्यांचे पंधरा पुरुष पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमहून निघाले. १७ नोव्हेंबरला नॉर्थ कॅरोलायनाच्या रानात पोचले आणि कुणीतरी सोडून दिलेल्या झोपडीत दाटीवाटीने निजले. बाहेर लांडगे ओरडत होते. या गावाचं नाव बेथाबारा.

माणसं निवडताना त्यांनी डोकं चालवलं होतं. वैद्य, शिंपी, माळी, पाव भाजणारा, पिठाची गिरणी उभारणारा. हेन्रिक फेल्डहाउसेन नावाचा गडी तर जोडे शिवायचा, सुतारकाम करायचा, लाकडी पिंपं बांधायचा, चाळण्याही करायचा. आपल्याकडच्या बलुत्यांतली निम्मी एकाच अंगात! नुसतं लिहिता येतं म्हणून कुणाला आणलेलं नव्हतं. माझी वर्णी तिथे लागली नसती, हे उघड आहे. बाई एकही नव्हती. आणि कुंभारही नव्हता.

कुंभार आला १७५५मध्ये. गॉटफ्रीड ऑस्ट. बापाकडे विणकाम शिकलेला आणि मग चाकावर बसलेला. या वस्तीत तेव्हा मजुरी अशी नव्हतीच. सगळ्यांनी राबायचं आणि सगळ्यांचं खाणं-कपडे एकाच सामाईक घरातून निघायचे. ऑस्टने ताटं, सुरया, शेगडीच्या फरशा, माणसाच्या तोंडाच्या तंबाखूच्या चिलमी, काय काय केलं! पण आसपासच्या लोकांना वेड लावलं ते दुधाच्या भांड्यांनी. आपण दूध तापवून साय धरतो. तिकडे कच्चं दूध पसरट मातीच्या भांड्यात निवांत ठेवायचे आणि वर आलेली साय काढून लोणी करायचे. भांडं नाही तर लोणी नाही, इतका साधा हिशेब.

१७७०च्या मे महिन्यातली नोंद आहे: साठ-ऐंशी मैलांवरून माणसं भांड्यांसाठी आली. म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जायचं, तेही घोड्याने नाहीतर गाडीने, एका मातीच्या पसरट भांड्यापायी. दुकानात एक नग उरला नाही. कित्येकांना हवी होती त्याच्या निम्मीच मिळाली, उशिरा आलेले हात हलवत परतले. या पंथात लग्नासारख्या गोष्टीसुद्धा चिठ्ठ्या टाकून देवावर सोपवत. बाहेरच्या शेतकऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याला गळकं नसलेलं भांडं हवं होतं.

पुढे जवळच सेलम गाव उभं राहिलं, तशी ऑस्टची भट्टीही तिकडे गेली. तिथे कोणी कुठला धंदा करावा, हे पंचमंडळ ठरवायचं. ऑस्टचं आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या रुडॉल्फ क्राइस्टचं पटेना, पण क्राइस्टला मनात आलं म्हणून शेजारी दुसरी भट्टी लावता येत नव्हती. त्याला १७८६मध्ये बेथाबाराची भट्टी मिळाली.

त्या भट्टीवर पीटर ऑलिव्हर राबत होता. १७६६मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला. चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, 'बंधू' म्हणून त्याला जवळ घेतलं, आणि तरी कागदोपत्री तो विकत घेतलेला माल होता. साठ-ऐंशी मैलांवरून लोक ज्यासाठी येत, त्या मातीला त्याचेही हात लागलेले होते. १८०० साली तो मोकळा झाला. इथे मला या शिस्तबद्ध, देवभोळ्या माणसांचा राग येतो, आणि त्यांची भांडी तरीही सुंदर वाटतात. दोन्ही खरं आहे.

१९६०च्या दशकात बेथाबारा खणलं तेव्हा भट्टीजवळ फुटक्या, फसलेल्या भांड्यांचा ढीग निघाला. उतू जाण्याआधीच गेलेली भांडी.

आमचं पातेलं आठवड्याने सापडलं, पुस्तकांच्या खोक्यात. काकूंचा टोप अजून आमच्याकडेच आहे.