आमची वाटचाल : वाफ्यातला अझोला, खाचरातला अझोला

अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, जनावरांना चारा आणि भाताला खत) विकतो म्हटलं की कर्जतच्या बाजूला पहिला प्रश्न ठरलेला : ‘दादा, गाईला किती घालायचा?’ आमचा धंदा उभा राहिला तोच दूधवाल्यांच्या जिवावर. खरं तर मी आणि बायको भातासाठी अझोला द्यायला निघालो होतो. भातवाल्यांनी बघितलं, कौतुक केलं आणि युरियाची गोणी उचलली. त्यांचंही चूक नव्हतं. गोणी कोपऱ्यात पडून राहते, अझोला जिवंत माल. पोत्यात कोंबला की आतून तापतो आणि कुजतो. म्हणून आम्ही पार्सल करतच नाही. गिऱ्हाइकानं क्रेट घेऊन यायचं आणि वाफा बघून जायचं.

दोन मीटर बाय एक मीटरचा खड्डा, त्यात सिल्पॉलिनचा प्लॅस्टिक कागद, चाळलेली माती, शेणकाला, थोडं सुपर फॉस्फेट. इथे सेंद्रियवाले नाक मुरडतात. अझोल्याच्या पानात राहणारं नील-हरित शेवाळ हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधतं हे खरं, पण स्फुरद (फॉस्फरस) हवेतून येत नाही. बायको चिमूटभर अझोला उचलून उलटा धरते. मुळं लांब सुटून वळली असतील आणि पान तांबूस असेल, तर तो स्फुरदाला भुकेला. मुळं ठीक असून नुसताच लाल असेल, तर ऊन जास्त झालंय, शेडनेट लावा.

भातात लावणीनंतर आठवड्याभराने सोडायचा. खाचर झाकलं की पाणी काढून चिखलात गाडायचा. हेक्टरी दहा टन हिरवा अझोला गाडला तर साधारण 20 ते 30 किलो नत्र मिळतं. भाताची भूक त्याहून मोठी, त्यामुळे ‘युरिया कायमचा बंद’ असली पाटी आमच्या दारावर नाही. सोबत बांधावर गिरिपुष्प लावा, असं सांगतो; या झाडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून चालतो. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीत गिरिपुष्पाचा पाला आहेच.

आणि जुलैतला पाऊस! उतारावरच्या खाचरांत पाणी बांधावरून वाहतं आणि विकत घेतलेला अझोला खालच्या शेजाऱ्याला फुकट पोचतो. एकदा त्यावरून दोन सख्खे चुलतभाऊ आमच्याच अंगणात भांडले. तेव्हापासून अझोला देण्याआधी शेत कुठलं ते विचारतो. पाणी धरणारा सपाट मळा असेल तर अझोला, उतार असेल तर नुसती गिरिपुष्पाची रोपं. यात गल्ला कमी होतो, पण पुढच्या वर्षी तोच माणूस शेजाऱ्याला घेऊन येतो.